पहिल्याच हाकेला ओ

या ग्रुपवरची जुनी मंडळी मला ओळखत असतील. नावाने नव्हे, तिरकस कॉमेंटवरून. कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली माझं ठरलेलं — चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात? एका ताईंनी त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचा अनुभव लिहिला होता, तिथेही मी जाऊन शहाणपणा पाजळून आलो होतो. त्या ताई हे वाचत असतील तर त्यांची आधी माफी मागतो. बाकीच्या माफ्या पुढे येतीलच.

मी भोरचा. तीसेक वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला आणि रिटायर झालो. तापट म्हणून ख्याती होती — मुलं मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. भूत, करणी, बाहेरचं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही 'मानतो' असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण जे झालं ते झालं. आणि त्यात घाबरण्यापेक्षा लाज वाटण्यासारखंच जास्त आहे, म्हणून लिहायला इतके महिने लागले.

जागा नीट सांगतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता आहे, त्याला मध्येच एक फाटा फुटतो. आत तीन-चार किलोमीटरवर एका जुन्या सरदार घराण्याचा वाडा आहे. गावाचं नाव घेत नाही. वाडा म्हटल्यावर लगेच कोळिष्टकं आणि वटवाघळं डोळ्यांसमोर आणू नका... एका ट्रस्टने तो चांगला दुरुस्त करून म्युझियम केलंय. फोकस लाइट आहेत, पाट्या आहेत, स्वच्छ टॉयलेट आहे. दिंडी दरवाज्यातून आत आलं की चौक. चौकात प्रेक्षक बसतात. समोर उंचावर ओसरी, तिथं मी बसायचो. माझ्या पाठीशी माजघराचं दार, आणि माझ्या उजव्या हाताला, चौकाच्या पलीकडे, परसात जायचं दार. ही दोन दारं लक्षात ठेवा. एक माझ्या पाठीमागे, एक उजवीकडे. माझी सगळी चूक या दोन दारांमधली आहे.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमचा कार्यक्रम असायचा. दोनअडीचशे वर्षांपूर्वी वाड्यात दिवस कसा जायचा ते लोकांना करून दाखवायचं. जात्यावर दळण, चुलीवर भाकरी, बोरूने मोडीत पत्र लिहिणं... पाहुण्यांनी हात लावायचा, फोटो काढायचे. पुण्याहून गाड्या भरून लोक यायचे. लिहिणारा मीच, बसवणारा मीच, आणि अंगरखा-पगडी घालून कारभारी होणाराही मीच. पगडी डोक्यावर चढली की माझा आवाज आपोआप बदलायचा. बायको म्हणायची, तुम्हाला रिटायरमेंटनंतर पुन्हा वर्ग मिळाला. खोटं नव्हतं ते.

आमच्यात हौसाबाई होती. मूळची झाडलोटीला ठेवलेली. जात धनगराची, घर वरच्या डोंगरावर. त्यांच्या वस्तीलाही वाडाच म्हणतात, धनगरवाडा. पुण्याची माणसं "तुम्ही वाड्यात राहता?" असं कौतुकाने विचारायची आणि ती "व्हय" म्हणून हसायची. पन्नाशीला आलेली, कमी बोलणारी. जात्याचा खुंटा धरून ती बसली की चौकात गप्पगार व्हायचं. ती मला गुरुजी म्हणायची, अहो-जाहो करायची. मी तिला 'हौसा' म्हणायचो आणि अगं-तुगं. तेव्हा त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

दिवाळीनंतर ट्रस्टच्या लोकांनी सांगितलं, गुरुजी, थोडं कॉमेडी घाला, लहान मुलं कंटाळतात. तेव्हा मी 'चिमी' आणली.

चिमी म्हणजे वाड्यावरची कुणबीण. आजच्या जातीशी या शब्दाचा संबंध लावू नका. त्या काळच्या कागदांत कुणबीण म्हणजे घरात ठेवलेली बाई, जिला विकत घेता यायचं, विकता यायचं, लेकीच्या लग्नात आंदण म्हणून देता यायचं. या घराण्याच्या रुमालांतली, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यांतली, एक यादी मी स्वतः वाचली होती. त्यात गाईम्हशींच्या खाली 'कुणबीण' एवढा शब्द आणि पुढे आकडा. नाव नाही. मला हे सगळं माहीत होतं. पण फॅमिली ऑडियन्ससमोर रविवारी सकाळी हे कशाला? म्हणून मी हौसाला लुगडं नेसवलं, 'चिमी' हे नाव माझ्या मनाने ठेवलं — लोकांना हसू यावं म्हणून — आणि प्रेक्षकांना सांगायला लागलो की या बायकांना घरातल्या लेकीसारखं वागवायचे हो. इतिहासाचा मास्तर मी. पोरांनी पेपरात असं लिहिलं असतं तर लाल पेनाने फुली मारली असती.

सीन असा होता. मी ओसरीवरून हाक मारायची, "चिमेऽऽ". ओ नाही. पुन्हा हाक. ओ नाही. तिसऱ्या हाकेला हौसाने परसदारातून "आले जी" म्हणत, लुगड्याचा ओचा सावरत धावत यायचं, आणि मी डोळे वटारून म्हणायचं, "कान फुटले का गं, सटवे?" बस. एवढ्यावर चौक हसून लोटपोट व्हायचा. लहान पोरं घरी जाताना एकमेकांना तेच म्हणत जायची.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पहिली हाक मारली आणि लगेच ओ आली.

"ओ... आले जी."

बाईचा आवाज, घाईतला. लोक अजून हसायच्या तयारीत होते, आणि मी मनात म्हटलं, ही विसरली काय? पण परसदारातून कुणी आलं नाही. मी दुसरी हाक मारली, तिसरी मारली, हौसा ठरल्याप्रमाणे तिसऱ्या हाकेला आली. सीन झाला. लोक हसलेही. नंतर मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पहिल्याच हाकेला ओ कशाला दिलीस गं? सगळी गंमत तिसऱ्या हाकेत आहे."

"म्या न्हाई दिली, गुरुजी," ती म्हणाली.

"मग काय भिंतीने दिली?"

 तिने फक्त माजघराकडे एकदा बघितलं. मी म्हटलं जाऊ दे, वयोमानाने गोंधळ होतो. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान बाई ती, आणि मी वयोमान काढलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आणि या वेळी दुसऱ्या हाकेलाही. "आले जी, आले." मला वाटलं आवाज पाठीमागून आला, पण चारी बाजूंनी लाकूड आणि दगड, आवाज घुमतो, हे मी स्वतःच गाईड करताना सांगायचो. नंतर हौसाला चांगलं झापलं. ती खालमानेने ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "गुरुजी, ती हाक बंद करा की. दुसरं कायतरी बसवा."

बाई मला स्क्रिप्ट शिकवणार... माझं डोकं तिथेच फिरलं होतं. ते पुढच्या रविवारपर्यंत फिरलेलंच राहिलं.

तिसरा रविवार. चौक खचाखच भरलेला, कुठलीशी सोसायटीच्या सोसायटी ट्रिपला आलेली. मी हाक मारली, "चिमेऽऽ", आणि शब्द तोंडातून सुटतोय तोच — "आले जी, आले जी, आले" — अशी ओ आली की माझी दुसरी हाकच राहून गेली. नाटकातल्यासारखी नव्हती ती ओ. अंगावर काही येणार आहे म्हणून माणूस जशी देतं, तशी होती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की सलग तिसऱ्यांदा ही बाई माझा सीन पाडतेय.

मी ओसरीवरून खाली उतरलो. तरातरा परसदारापर्यंत गेलो. हौसा तिथं कडेवर घागर घेऊन उभी होती. आणि मी, कारभाऱ्याच्या वेषात, दीडशे माणसांसमोर तिच्यावर ओरडलो. खराखुरा. "कितीदा सांगायचं तुला? अक्कल नाही का काडीची? डोंगरावरून आणून माणसांत बसवलं, तर माज आला होय? कान फुटले का गं, सटवे? चालती हो हितनं, उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

लोक हसत होते. त्यांना वाटलं हाच सीन आहे. पुढच्या रांगेतले उठून शूटिंग करत होते. हौसाने माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, माजघराच्या दाराकडे बघत होती. मग तिने घागर खाली ठेवली, सांडू नये अशी, आणि परसातून निघून गेली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मी काय केलं सांगू? मी वळलो आणि लोकांना मुजरा केला.

हे लिहिताना तीन वेळा उठून पाणी पिऊन आलो.

त्या दिवशीचा व्हिडिओ दोन-तीन दिवसांत सगळीकडे फिरला. आमच्या म्युझियमच्या पेजवर टाकला, लोकांनी डोक्यावर घेतला. खाली कॉमेंट — आजोबांची ॲक्टिंग कडक, बाईचे एक्स्प्रेशन बघा. मी स्वतः नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला, वर लिहिलं 'आमचा छोटासा प्रयत्न'. हौसाने दुसऱ्याच दिवशी लुगडं धुऊन, घडी घालून गेटवर आणून दिलं होतं. वॉचमन म्हणाला, बाई काही बोलली नाही. मी म्हटलं, येईल चार दिवसांत, जाते कुठं.

एका दुपारी बायको जेवणानंतर तो व्हिडिओ बघत होती. एकदा बघितला, परत लावला, आणि मला म्हणाली, "अहो, ही बाई तर काही बोललीच नाही. तुम्ही ओरडताय कशाबद्दल?"

"बोलली नाही कशी? पहिल्या हाकेलाच ओ दिलीय, नीट ऐक."

"तुम्हीच ऐका," म्हणून तिने मोबाईल माझ्या हातात दिला.

ऐकला. हेडफोन लावून ऐकला. माझी हाक येते, "चिमेऽऽ". मग कुणीतरी खोकतं. चिमण्यांचा आवाज येतो. बस. कुठेही ओ नाही. नुसता एक म्हातारा पगडी घालून ओसरीवरून उतरतो आणि गप्प उभ्या असलेल्या बाईवर तुटून पडतो. तिचं तोंड मिटलेलं आहे, व्हिडिओत स्पष्ट दिसतं, कडेला परसदारात उभी आहे ती. आणि आणखी एक दिसतं. माझी हाक संपल्या-संपल्या हौसाची मान झटकन वळते, माजघराकडे. तिकडे बघण्यासारखं काहीही झालेलं नसताना. म्हणजे मी जे ऐकलं ते तिनेही ऐकलं होतं. दीडशे माणसांत आम्ही दोघांनीच.

मंगळवारी म्युझियम बंद असतं. मी एसटीने कापूरहोळला आलो, तिथून नसरापूर, पुढे शेअर जीप. वॉचमनला म्हटलं, माझं उपरणं राहिलंय. भर दुपारचे बारा, चौकात लख्ख ऊन. मी साध्या शर्ट-पँटमध्ये ओसरीवर बसलो. पाचएक मिनिटं स्वतःलाच हसलो. मग हळूच, वर्गात शेवटच्या बाकालाही ऐकू जाणार नाही अशी, हाक मारली. "चिमे."

"आले जी."

आणि पाठोपाठ पावलं. अनवाणी, पळत येणारी, माजघराच्या आतल्या बाजूने. माजघरात आता फरशी आहे, पण ती पावलं सारवलेल्या जमिनीवर वाजावीत तशी वाजत होती. उंबऱ्यापाशी येऊन थांबली. माझ्या पाठीमागे चार हातांवर. मला पळत आलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता... दम लागलेला, पण तो ऐकू जाऊ नये म्हणून दाबून धरलेला.

मी वळून बघितलं नाही. खरं सांगतो, हिंमतच झाली नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मी उठलो, चौकातून सरळ दिंडी दरवाज्याकडे चालत गेलो आणि वॉचमनला म्हटलं बीपी वाढलंय बहुतेक. उपरणं कुठाय, असं त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगर चढून हौसाच्या घरी गेलो. वाटेत दोनदा बसावं लागलं. ती शेरडांना पाला टाकत होती. मला बघून पदर सारखा केला. मी दारातच उभा राहून, चढणीने फुललेल्या छातीने, माफीचं भाषण सुरू केलं. पाठ करून नेलं होतं.

"आदी बसा, गुरुजी," ती म्हणाली. घोंगडं अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं. मग तीही उंबऱ्यावर बसली.

"हौसा, तू ओ दिली नव्हतीस."

"व्हय. सांगत हुते तवा ऐकलं न्हाई तुमी."

"तुला आधीपासून ऐकू येत होतं?"

"पैल्या दिसापास्नं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गुरुजी, वाड्यात कुनीतरी हाय, असं म्हणू? तुमी मला येडी म्हणला असता." हे तिने मुळीच रागाने म्हटलं नाही. "बाई कोण हुती ती? नाव काय तिचं?"

मी यादीबद्दल सांगितलं. नाव कागदात नाही, नुसता आकडा आहे. चिमी हे मीच ठेवलेलं.

ती शेरडांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "नावच न्हाई म्हंजी कोन कशी बी हाक मारंल, ती तिचीच. म्हून येती बिचारी." आणि थोड्या वेळाने, "तुमी हाक मारली, ती आली. पुढं काय सांगितलं तिला?"

मला कळेना.

"आवो, मानसाला हाक मारली, मानूस आलं, तर काम सांगायचं. काम नसंल तर बस म्हणायचं. तीन आयतवार तुमी तिला हाका मारल्या आन् तशीच हुभी ठेवली. लोकं हसाया लागली, तुमी बी हसला. ती अजून हुभी आसंल."

 तिने मग स्वतःचं सांगितलं, तेही असंच, शेरडांकडे बघत. तिची लेक वरवे बुद्रुकला दिलीय. व्हिडिओ तिच्या सासरी सगळ्यांनी बघितला. सासूने लेकीला विचारलं, आईला हाकलली म्हणं? आणि तेव्हापासून लेकीने पाणी द्यायला, भाकरी वाढायला जरा उशीर केला, की सासू म्हणते, कान फुटले का गं, सटवे? दीर म्हणतो. लहान पोरंही म्हणतात. गंमत म्हणून. "लेक फोनवर रडती," हौसा म्हणाली. "मला बोलला त्याचं म्या गिळलं आसतं. आमाला सवय हाय. पर ते बोल माज्या लेकीच्या घरात जाऊन बसलं."

मी लिहिलेलं वाक्य. दोन मिनिटांत सुचलं होतं, सुचल्यावर मी खूश होऊन बायकोला वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, व्हिडिओ काढायला लावतो, लेकीच्या सासरी स्वतः जाऊन सांगतो, काय म्हणशील ते करतो. ती म्हणाली, "घरात येऊन माफी मागितली ते झालं. पर बोलला चारचौगांत. माझी चूक न्हवती हे बी चारचौगांत सांगा. तितंच, त्याच चौकात. म्या लेकीला घिऊन येते."

"सांगतो, हौसाबाई. तुम्ही या." त्या दिवशी पहिल्यांदा तोंडून 'तुम्ही' आलं. तिच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

पेजवरचा व्हिडिओ काढायला मी भांडून भाग पाडलं, पण लोकांच्या मोबाईलमधला कोण काढणार? तो अजून फिरतोय.

आणि पुढच्या रविवारी मी पगडी न घालता ओसरीवर उभा राहिलो. चौक भरलेला होता. पुढच्याच रांगेत, सतरंजीवर, हौसाबाई आणि तिची लेक बसलेल्या. लेक तोंडावर पदर धरून होती. मी बोलायला लागलो. सांगितलं की आजवर इथं जे सांगितलं ते खोटं होतं. या घरात बायका विकत आणल्या जायच्या, त्यांना लेकीसारखं कुणी वागवत नव्हतं, त्यांची नावंसुद्धा लिहून ठेवलेली नाहीत. ज्या बाईवर लोक हसले ती मी माझ्या मनाने केलेली होती. आणि ज्या हौसाबाईंवर मी याच चौकात ओरडलो, त्यांची काडीचीही चूक नव्हती. मी हात जोडले. "हौसाबाई, माझं चुकलं. तुमच्या लेकीसमोर सांगतो, माझं चुकलं."

 मग मी मागे वळलो. माजघराचं दार उघडं होतं, आत अंधार. मी म्हटलं, "बाई, काम काही नाही. उगाच हाका मारल्या तुम्हाला. या, बसा तुम्ही."

मला काही ऐकू आलं नाही. ना पावलं, ना श्वास. पण मी पुन्हा चौकाकडे तोंड केलं, तेव्हा हौसाबाई सतरंजीवर थोडी सरकत होती. पाय जवळ ओढून घेतले, पदर आवरला, लेकीला कोपराने पलीकडे सरकवलं आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली. नंतरचा सगळा वेळ तिथं कुणी बसलं नाही. गर्दी एवढी, मागे लोक उभे होते, तरी कुणी नाही. एक छोटी मुलगी पळत तिथं आली, थबकली, आणि वळसा घालून आईकडे गेली.

मी बोलणं संपवलं आणि टाळ्या पडल्या. जोरदार, उभं राहून. मला क्षणभर कळलंच नाही कशासाठी. मग कळलं — त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं, की थांबा, हे नाटक नाही. मी तसाच उभा राहिलो. लोक पांगायला लागले. एक पुण्याचे गृहस्थ, डोळे पुसत, पुढे आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "सर, काय काम केलंत. शेवटच्या सीनला पाणी आणलंत डोळ्यांत. आणि त्या दोघी, अगदी नॅचरल."

मी म्हणालो, "थँक यू."

हौसाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लेकही होती.

आता जे सगळे विचारतात ते. माजघरात पुन्हा कधी ओ आली का? मला माहीत नाही. मी त्यानंतर तिथं हाक मारलेली नाही आणि कुणाला मारूही दिलेली नाही. कार्यक्रम मी सोडला, सोडताना तो सीनही काढायला लावला. लेकीच्या सासरी मी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि मी निघताना आतून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. तो आवाज कुणाचा, कुठून यायचा, व्हिडिओत का नाही, दीडशे माणसांत आम्हा दोघांनाच का ऐकू आला... घुमणारी भिंत, मनाचे खेळ, सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. यांतल्या एकाही गोष्टीने हौसाबाईची वळलेली मान समजत नाही. इथं कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. टिंगल केलीत तरी चालेल, माझी तेवढी बाकी आहेच.

पण मला रोज आठवतो तो प्रश्न वेगळा आहे. ते गृहस्थ गेल्यावर हौसाबाई माझ्याजवळ आली. लेक पुढे दरवाज्यापर्यंत गेली होती. ती हळू आवाजात म्हणाली,

"लोकांला नाटक वाटलं, ते वाटू दे. तुमी थांकू कशापायी म्हणला, गुरुजी?"

 अजूनही मला सांगता येत नाही.